पावती द्या, मग प्रामाणिकपणा मागा

ऑगस्ट २०२२. धारच्या चिटणीस चौकात एक जुने घर पाडण्याचे काम चालू होते. ढिगारा उपसताना मजुरांच्या हाती सोने लागले. दागिने, नाणी, सगळे मिळून किलोभर. आठ जणांनी ते आपसांत वाटून घेतले. घरमालकाला कळवले नाही, पोलिसांनाही नाही. थोड्याच दिवसांत त्यांच्यातल्या एकाने एक नाणे विकून जुनी मोटारसायकल आणि मोबाइल घेतला, असे पोलिसांनी सांगितले. हातात अचानक पैसा दिसला, बोभाटा झाला आणि आठही जण पकडले गेले. १०३ वस्तू जप्त झाल्या, त्यांत ८६ सोन्याची नाणी. सोन्याची किंमत साठ लाखांच्या घरात. जुनेपणा धरला तर कोटीपर्यंत.

बातमी देशभर छापून आली आणि तिथेच संपली. चोर सापडले, माल सापडला. त्या आठ जणांनी सोने सापडल्या दिवशी सरळ जाऊन सांगितले असते तर त्यांना काय मिळाले असते, हे कुणी विचारले नाही. मला तेच विचारायचे आहे.

आधी माझे मत. त्या मजुरांनी केले ते चूक होते. घर कुणाचे हे त्यांना ठाऊक होते. ज्याचे घर पाडायला आपण रोजंदारीवर आलो, त्याच्या भिंतीतून निघालेले सोने त्याला न सांगता खिशात घालणे म्हणजे चोरीच. गरिबीचे कारण पुढे करून मी ती झाकणार नाही. गरिबाला आपले-परके कळत नाही असे धरून चालणे हा त्याचा अपमान आहे. त्याला ते चांगले कळते. त्याला कळलेले नसते ते वेगळेच, आणि ते त्याला कुणी सांगितलेलेही नसते.

सापडलेल्या वस्तूबद्दल आपला कायदा बराच समजूतदार आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याचे कलम ३१४ झाले. कलमाखाली उदाहरणे दिली आहेत आणि ती कुणालाही कळतील इतकी साधी आहेत. हमरस्त्यावर एक रुपया पडलेला दिसला, तो कुणाचा हे कळायला मार्ग नाही, तुम्ही उचललात, तर गुन्हा नाही. कुणाच्या तरी खिशातून पाकीट पडताना दिसले, परत देण्यासाठीच उचलले, पण नंतर मन फिरले आणि ठेवून घेतले, तर गुन्हा. मौल्यवान अंगठी सापडली, मालक कोण याचा काहीच तपास न करता लगेच विकून टाकली, तर गुन्हा. म्हणजे वस्तू उचलण्यात पाप नाही. मालक शोधायचा कितपत प्रयत्न केला, किती दिवस वाट पाहिली, यावर सगळे ठरते. अंगठीसाठी जेवढा शोध घ्यायचा तेवढा एका रुपयासाठी घ्यावा अशी कायद्याची अपेक्षा नाही.

शिक्षा मात्र नव्या कायद्यात कडक झाली. जुन्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा नुसता दंडही चालत असे. आता किमान सहा महिने कैद आहेच आणि वर दंड. नव्या संहितांच्या प्रचारासाठी सरकारने ठिकठिकाणी कार्यक्रम केले. सापडलेले पाकीट ठेवून घेतले तर सहा महिने आत जावे लागेल, हे ज्याला कळायला हवे त्या माणसापर्यंत ते कार्यक्रम पोचले का? डहीच्या हाटात उभे राहून विचारा.

डही म्हणजे धार जिल्ह्याचे नैर्ऋत्येचे टोक. भिल्ल-भिलाला वस्तीचा मुलूख. दक्षिणेला नर्मदा, पश्चिमेला लागून अलीराजपूर. पेरणी आटोपली, पिके निघाली की इथली कुटुंबे गुजरातच्या वाटेला लागतात. सुरत, बडोदा, नवसारीकडची घरे बांधायला हीच माणसे आणि पाडायलाही हीच. जुन्या भिंतीत कुदळ मारण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, पुरलेले सोने दिसण्याची वेळही त्यांच्यावरच येणार. म्हणून हा प्रश्न मूळचा मजुराचा आहे. वकिलांच्या पुस्तकात तो नंतर जातो.

आणि या भागातल्या मजुराने काय पाहिले आहे? जुलै २०२३. शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्यातले सोंडवा पोलीस ठाणे. एका आदिवासी कुटुंबाने तक्रार केली की गुजरातेत जुने घर पाडताना मिळालेली २४० सोन्याची नाणी आम्ही घरात पुरून ठेवली होती, ती साध्या वेशातल्या पोलिसांनी येऊन उकरून नेली. ठाण्याच्या प्रमुखासह चार पोलीस निलंबित झाले, त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. पुढे गुजरात पोलिसांच्या तपासात धागा नवसारी जिल्ह्यातल्या बिलिमोऱ्याच्या एका जुन्या घरापर्यंत गेला. घराचा मालक परदेशात. ठेकेदार आणि मजुरांना अटक झाली, पंचम जॉर्जच्या छापाची, १९२२ सालची, जवळजवळ दोनशे नाणी हाती लागली.

या प्रकरणात मजुरांवर चोरीचा आरोप आहे आणि ज्यांच्याकडे माल जमा करायचा त्यांच्यावरही चोरीचाच आरोप आहे. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण डही, कुक्षी, सोंडवा भागातल्या माणसाने यातून घ्यायचा तो धडा घेतला असणार. सापडलेले सोने घेऊन ठाण्याची पायरी चढायची हिंमत आता त्याने कशाच्या जोरावर करावी? पायरी चढताना तो मजूर असतो, उतरताना संशयित होईल ही भीती त्याला आहे आणि ती भीती खोटी आहे असे त्याला सांगायला माझ्याजवळ तोंड नाही.

आता त्याला न सांगितलेली गोष्ट.

जमिनीत किंवा जमिनीला जखडलेल्या बांधकामात दडवलेल्या धनासाठी देशात १८७८ सालचा निखात निधी अधिनियम आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. काय सापडले, साधारण किती किमतीचे, कुठे, कधी. धन सरकारी खजिन्यात जमा करायचे, किंवा मागतील तेव्हा हजर करीन असा जामीन द्यायचा. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतो, हक्क सांगणाऱ्यांना बोलावतो. गेल्या शंभर वर्षांत ते धन अमुक माणसाने पुरले होते आणि मी त्याचा वारस, असे कुणी दाखवू लागला तर त्याला दिवाणी न्यायालयात दावा लावायला मुदत मिळते. बिलिमोऱ्याच्या नाण्यांत हीच गोम आहे. १९२२ साली पाडलेले नाणे त्याआधी कुणी पुरूच शकत नाही. त्यामुळे घराच्या वारसाचा दावा तिथे भक्कम ठरतो आणि मजुरांची बाजू लंगडी.

पण वारस ठरलाच नाही, धन निनावी निघाले, तर? तर कायदा म्हणतो, जागेचा मालक आणि सापडणारा यांच्यात आधी काही ठरले असेल तर त्याप्रमाणे वाटा. काही ठरले नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारला ते धन स्वतःसाठी हवे असेल तर त्याची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजून ते घ्यावे लागते. ज्याने कळवले नाही त्याचा वाटा मात्र सरकारजमा होतो आणि त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

तीन चतुर्थांश! रुपयात बारा आणे. सापडणारा मालक आहे की मजूर, साक्षर आहे की अंगठेबहाद्दर, असा भेद कायद्याच्या शब्दांत नाही. साठ लाखांचे सोने निनावी ठरले तर त्यातले पंचेचाळीस लाख रीतसर, पावतीसकट, उजळ माथ्याने घरी नेण्याचा मार्ग कायद्याने आखलेला आहे. हे किती मजुरांना ठाऊक आहे? किती ठेकेदारांना? आणि तुम्ही-आम्ही शिकलेले, आपल्याला तरी हे कधी कुणी शाळेत सांगितले होते का?

जुन्या शास्त्रांशी ताडून पाहा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधीची खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा आहे. तोच माणूस पगारी नोकर असेल तर बारावा. लाखावरचा निधी सगळा राजाचा. याज्ञवल्क्याने विद्वान ब्राह्मणाला सापडलेला निधी सगळाच्या सगळा त्याला ठेवू दिला; इतरांनी न कळवता ठेवला आणि उघडकीला आला, तर निधीही गेला आणि वर दंडही. कौटिल्याच्या हिशेबात चिटणीस चौकातल्या मजुराच्या वाट्याला बारावा हिस्सा आला असता. १८७८ चा कायदा त्याच्या कितीतरी पुढे आहे. परक्या सरकारचा होता म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

अर्थात त्या परक्या सरकारचा हातही स्वच्छ नव्हता आणि ते धारइतके कुणाला ठाऊक असणार? १८५७ च्या ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने धारचा किल्ला घेतला. किल्ल्यात सापडलेला खजिना फौजेची लूट म्हणून जाहीर झाला. पवारांचे संस्थान जप्त झाले. ते १८६० मध्ये परत दिले, तेही बैरसियाचा परगणा भोपाळला देऊन. संस्थानिक आनंदराव पवार तेव्हा अल्पवयीन होते. धारच्या अन्यायाबद्दल खुद्द लंडनमध्ये जॉन डिकिन्सनने १८६४ साली पुस्तक लिहिले. ज्यांनी किल्ल्यातला खजिना उचलला, त्यांनीच एकवीस वर्षांनी दहा रुपयांवरचे धन लपवणाऱ्या मजुराला वर्षाची कैद लिहिली. तेव्हा दहा रुपये हाती यायला मजुराला महिनाभर राबूनही पुरत नसे. आज दहा रुपयांत चहाचा कप मिळतो आणि कायद्यातली मर्यादा अजून दहा रुपयांचीच आहे. स्वतंत्र देशाच्या संसदेला ती बदलायला सवड झालेली नाही.

धारच्याच भोजराजाची गोष्ट मराठी घरात मुलांना ठाऊक असते. सिंहासनबत्तिशीतल्या भोजाला विक्रमाचे सिंहासन एका शेतात पुरलेले मिळते. प्रचलित कथेत तो राजा असूनही ते शेत आधी शेतकऱ्याकडून चांगली किंमत देऊन विकत घेतो आणि मगच खणायला लावतो. राजाला कोण अडवणार होते? तरी कथा रचणाऱ्याला वाटले की मालकाचा हक्क आधी चुकता व्हायला हवा. लोकांची न्यायाची जाणीव अशी जुनी आहे.

आणि आजचे लोक? मार्च २०२५ मध्ये मोगली खजिन्याचा उल्लेख असलेला 'छावा' चित्रपट गाजत असताना बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला रात्री माणसांची झुंबड उडाली. मोबाइलच्या उजेडात, धातुशोधक यंत्रे घेऊन, दुसऱ्याच्या शेतात मोगली मोहरांसाठी खड्डे खणले गेले. त्या शेतकऱ्याला कुणी विचारले का? सापडले ते माझे, ही भूक शेताच्या बांधावर थांबत नाही. गुप्तधनाच्या नादाने महाराष्ट्रात तर माणसांचे जीव घेतले गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगीच नाही. सोने पाहिले की डोके फिरते ते फक्त मजुराचे, हा समज सोडा.

पुण्याकडेही धारसारखेच घडले. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या जागी मजुरांना मोगलकालीन सोन्याची २१६ नाणी सापडली, सव्वादोन किलोंहून जास्त सोने. ती घरात लपवली गेली, २०२१ मध्ये पोलिसांनी शोधून काढली. धार असो की चिखली, क्रम तोच. सापडणे, लपवणे, बोभाटा, अटक. यातल्या दुसऱ्या पायरीवर माणूस लपवायच्या ऐवजी कळवील, अशी काही सोय आपण केली आहे का? मला ती कुठे दिसत नाही.

कळवायचे म्हणजे काय, ते डहीच्या माणसाच्या पायांनी चालून पाहा. जिल्हाधिकारी धारला, शंभरएक किलोमीटरवर. अर्ज लेखी हवा. लिहायला कुणी तरी गाठावा लागणार, म्हणजे गुपित तिथेच फुटले. सोने अंगावर घेऊन एसटी नसलेल्या मुलखात खासगी बसने जायचे, वाटेत कुणी अडवले तर काय सांगायचे? आणि काम गुजरातेत चालू असेल तर कळवायचे तिथल्या जिल्हाधिकाऱ्याला, तिथल्या भाषेत. एवढे करून पोचला, तर खिडकीवरच्या कारकुनाला १८७८ चा कायदा माहीत असेल याची खात्री तुम्ही देता का? मी देत नाही.

रोजच्या हरवण्या-सापडण्यातही आपण प्रामाणिक माणसाशी असेच वागतो. रिक्षात विसरलेली दागिन्यांची पिशवी रिक्षावाला शोधत शोधत परत आणून देतो. ठाण्यात त्याचा सत्कार होतो, शाल, श्रीफळ, फोटो. त्याचा बुडालेला दिवस आणि जळालेला गॅस कोण भरून देतो? १८७२ च्या करार कायद्यात सापडणाऱ्याला हक्क आहे. त्याने वस्तू स्वतःची असल्यासारखी जपायची, आणि मालक शोधण्याचा, वस्तू सांभाळण्याचा खर्च मिळेपर्यंत ती आपल्याजवळ ठेवायची. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी तो दावाही लावू शकतो. पण बक्षीस जाहीर केले नसेल तर त्याला ठरावीक असे काही मिळत नाही. जपानच्या कायद्यात परत देणाऱ्याला किमतीच्या पाच ते वीस टक्के मिळतात. जर्मनीत पाचशे युरोपर्यंत पाच टक्के, त्यावर तीन. तिथली माणसे जन्मतः सज्जन असतात म्हणून हे चालत नाही. परत दिले की अमुक मिळते हे तिथे पोरासोरांना ठाऊक असते. आपल्याकडे पाच लाखांची पिशवी परत घेऊन शंभराची नोट पुढे करणारे लोक आहेत. त्यांना माझे सांगणे, अशा नोटेपेक्षा हात जोडलेले बरे.

बँकखात्यात चुकून आलेल्या पैशालाही हाच न्याय. बिहारमध्ये खगडियात एका खातेदाराच्या खात्यात बँकेच्या चुकीने साडेपाच लाख आले. पंतप्रधानांनी कबूल केलेल्या पंधरा लाखांचा हा पहिला हप्ता, असे समजून त्याने ते खर्च केले. परत करायला नकार दिला आणि २०२१ मध्ये त्याला अटक झाली. चूक बँकेची, तरी पैसा बँकेचा. खात्यात अनोळखी रक्कम दिसली तर तिला हात न लावता बँकेला लेखी कळवा आणि कळवल्याची पोच ठेवा.

ती पोच, ती पावती, हाच माझा मुद्दा आहे. प्रामाणिकपणाची अपेक्षा करणाऱ्या सरकारने प्रामाणिक माणसाला त्या क्षणी हातात कागद द्यायला हवा. धार, अलीराजपूर, बडवानीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर योजनांच्या जाहिराती रंगवलेल्या आहेत. त्यांच्या शेजारी चार ओळी लिहायला किती रंग लागतो? पुरलेले धन सापडले तर सरपंच आणि दोन पंचांसमोर वजन करा, फोटो काढा, तहसीलदाराकडे जमा करून शिक्क्याची पावती घ्या. निनावी ठरले तर बारा आणे तुमचे. हे भिलालीत लिहा, भिलीत लिहा, गुजरातेतल्या मजूर अड्ड्यांवर लिहा. जमा करणे ठाण्यात नको, तहसिलीत असू द्या, म्हणजे सोंडव्याची भीती आड येणार नाही. आणि ज्याने स्वतः येऊन कळवले त्याच्यावर संशयित म्हणून चौकशी लावायची नाही, असा लेखी आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

दुसरे मागणे तुमच्याकडे, वाचकांकडे. धार, देवास, इंदूरपासून पुणे, सातारा, नाशिकपर्यंत आपल्या मराठी माणसांचे वाडे पडत आहेत. पाडायला देणारे आपण, कुदळ मारणारे डहीकडचे. आधी ठरले असेल तर त्याप्रमाणे वाटा, असे कायदाच म्हणतो. मग आधी ठरवा. वाडा पाडायला देताना ठेकेदाराशी जो कागद कराल, त्यात काही सापडले तर मजुराचा वाटा किती हे लिहा. पूर्वजांचे सोने तुमचेच असल्याचा पुरावा तुमच्याजवळ असेल, तरी कळवणाऱ्याला देण्याचा हिस्सा लिहा. कामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या मजुरांना एकत्र बसवून तो कागद त्यांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवा, आणि त्याची एक प्रत त्यांच्या मुकादमाच्या हातात द्या.